खाजगी रान शासनाला संवर्धनासाठी द्यायचं आहे? सह्याद्रीतल्या जमीनमालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अभयारण्याच्या आत किंवा त्याला लागून वाडवडिलांची डोंगरउताराची जमीन आहे. शेती कधीच थांबली, घरची माणसं मुंबई-पुण्याला, आणि रान मात्र उभं आहे. अशा जमिनीला गिऱ्हाईक सहज मिळतं, पण बहुतेकांची नजर लाकडावर किंवा बंगल्यांच्या प्लॉटवर असते. रान रानच राहावं आणि हिस्सेदारांना रास्त पैसेही मिळावेत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. आमच्या कुटुंबाची जमीन याच वाटेने शासनाकडे गेली. कुठे अडायला होतं, कुठला कागद आधी काढायचा आणि कुठे सही करण्याआधी थांबायचं, हे आम्हाला कुणी एकत्र सांगितलं नव्हतं. म्हणून इथे लिहून ठेवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. रान घेऊन जा आणि पैसे घेऊन या, अशी खिडकी वनविभागात नाही. जमीन संरक्षित क्षेत्रात किंवा वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गात असावी लागते, वरिष्ठ कार्यालयाला तिची गरज पटावी लागते आणि त्यासाठी निधी असावा लागतो. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरी व्यवहार अडतो, आणि तो जवळपास नेहमी मालकाच्या बाजूच्या कागदांवर अडतो. त्यामुळे या लेखाचा निम्म्याहून अधिक भाग अर्ज करण्याआधीच्या कामाचा आहे.

१. जमीन अजून तुमचीच आहे ना, ते आधी तपासा

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण महाराष्ट्रात तो पहिलाच विचारावा लागतो. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा कायदा ३० ऑगस्ट १९७५ रोजी लागू झाला आणि त्या दिवशी राज्यातली खाजगी वनं शासनाकडे निहित झाली. अनेक ठिकाणी ताबा मात्र कुटुंबाकडेच राहिला. सात-बारावर नाव तेच चालू राहिलं आणि कित्येक वर्षांनी एखाद्या फेरफाराने 'इतर हक्क' रकान्यात शासनाची नोंद आली. घरातल्या कुणाला पत्ताही नसतो. जी जमीन कायद्याने १९७५ मध्येच शासनाची झाली, ती शासन पुन्हा विकत घेणार नाही.

म्हणून आजचा सात-बारा पाहून थांबू नका. जुने हस्तलिखित सात-बारा आणि त्यावरचे सगळे फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढा. 'खाजगी वन', 'राखीव वन', 'कलम ३५(३)', 'वनविभाग' असा कुठलाही शेरा दिसला की त्या फेरफाराची पूर्ण नक्कल मागा.

शेरा आहे म्हणून सगळं संपलं असंही नाही. तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट नोटिशीची. बरीचशी नोंद भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५(३) खालच्या जुन्या नोटिशींवर आधारलेली आहे. गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निकाल दिला की नोटीस नुसती काढलेली असून भागत नाही, ती मालकावर बजावलेली असली पाहिजे. त्यामुळे नोटिशीची प्रत आणि ती बजावल्याचा पुरावा माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

दुसरी गोष्ट १२ हेक्टरची. १९७५ च्या खाजगी वने अधिनियमाच्या कलम २२अ प्रमाणे, संपादनामुळे ज्या मालकाची एकूण जमीन १२ हेक्टरपेक्षा कमी झाली किंवा मुळातच कमी होती, त्याला १२ हेक्टरची मर्यादा भरेल इतकी वनजमीन परत मिळण्याची तरतूद आहे. तुमच्या आजोबांना असा आदेश मिळाला असेल आणि त्याची नोंद सात-बारावर कधी झालीच नसेल, तर जुन्या पेटीतला तो एक कागद सगळ्या फाईलपेक्षा मोलाचा आहे.

तिसरी गोष्ट लागवडीची. ३० ऑगस्ट १९७५ रोजी कायदेशीर कब्जेदार किंवा कूळ प्रत्यक्ष कसत असलेली, कमाल मर्यादेतली जमीन या निहित होण्यातून वगळलेली होती. त्या वर्षाचा पीकपाहणीचा उतारा म्हणूनच काढायचा.

वाद असेल तर तो ठरवण्याचा पहिला अधिकार याच १९७५ च्या अधिनियमाच्या कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. हा निकाल लागेपर्यंत विक्रीचा विषय काढू नका. वादातली जमीन खरेदी करण्याच्या प्रस्तावावर कुणीही अधिकारी सही करणार नाही.

वनसंज्ञा ही याहून निराळी गोष्ट आहे आणि लोकांची इथे फार गल्लत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशानंतर, मालकी कुणाचीही असो, जे प्रत्यक्षात वन आहे त्याला वन संरक्षण कायदा लागू झाला. सिंधुदुर्गात 'वनसंज्ञा' म्हणून ज्याची चर्चा होते ते हेच. अशा जमिनीची मालकी तुमचीच राहते. वनेतर वापराला मात्र केंद्राची परवानगी लागते. अशी जमीन तुम्ही शासनाला विकू शकता. किंबहुना ती संवर्धनासाठीच जाणार असल्याने ही अट तुमच्या व्यवहाराच्या आड येत नाही.

२. नकाशावर जमीन नक्की कुठे पडते ते पाहा

गट नंबर किंवा सर्व्हे नंबर घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा आणि अभयारण्याच्या अधिसूचनेतली गावं, सर्व्हे नंबर आणि हद्दी त्यांच्याकडच्या नकाशावर पाहून घ्या. गावातली माणसं 'आमचं गाव अभयारण्यात आहे' म्हणतात तेव्हा पुष्कळदा गावाचा एक भागच आत असतो.

जमीन अभयारण्याच्या आत असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं कलम १८ ते २६अ तुम्हाला लागू होतं. शासन हेतू जाहीर करतं, मग जिल्हाधिकारी उद्घोषणा काढून हक्कांची चौकशी करतात. कलम २४ खाली त्यांच्यापुढे मुख्यतः दोन रस्ते असतात: ती जमीन अभयारण्यातून वगळायची, नाहीतर मोबदला देऊन घ्यायची. मालकाशी करार करूनही हक्क घेता येतात. कायद्यात ही चौकशी दोन वर्षांत पुरी करण्याची अपेक्षा आहे, पण ती न झाल्याने अधिसूचना रद्द होत नाही. तुमच्या गावाची चौकशी कधी झाली, तुमच्या कुटुंबाचा दावा नोंदला गेला का आणि जमीन त्यात वगळली तर गेली नाही ना, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. काही कुटुंबांचे दावे आजही अर्धवट असतात. तसं असेल तर नवा अर्ज करण्यापेक्षा तोच दावा पुढे नेणं जास्त बळकट ठरतं.

जमीन बाहेर, पण लागून किंवा दोन संरक्षित क्षेत्रांच्या मधोमध असेल, तर ती त्या भ्रमणमार्गासाठी का लागते हे वनविभागाला दाखवावं लागेल. सह्याद्रीत ही गोष्ट पटवणं सोपं आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेला राधानगरी, मग तिलारीचं खोरं. मधल्या डोंगररांगांवर आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, विशाळगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली आहेत. पण संवर्धन राखीव क्षेत्र हे सरकारी जमिनीवरच होतं. त्यांच्या मधल्या खाजगी पट्ट्यांमध्ये साखळी तुटते. तुमचं रान असा एखादा पट्टा असेल तर अर्जात तेच ठळकपणे मांडा.

पर्यावरण संवेदनशील क्षेत्राबद्दलही एक सांगून ठेवतो. 'झोन पडला, आता सरकार फुकटात घेणार, त्याआधी आम्हाला द्या' असं सांगत दलाल फिरतात. संवेदनशील क्षेत्र जाहीर झाल्याने वापरावर मर्यादा येतात, मालकी जात नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम ३००अ मध्येच आहे.

३. विकणं हा एकच मार्ग नाही

सही करण्याआधी घरात बसून हे ठरवा, कारण एकदा खरेदीखत झालं की मागे येता येत नाही.

मालकी ठेवून रान राखायचं असेल तर दोन कायदेशीर सोयी आहेत. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६क खाली, एखाद्या व्यक्तीने किंवा समाजाने स्वेच्छेने दिलेल्या खाजगी जमिनीवर समुदाय राखीव क्षेत्र जाहीर होऊ शकतं. जमीन तुमच्या नावावरच राहते, पण तिचा वापर नंतर मनाप्रमाणे बदलता येत नाही. दुसरी सोय भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये आहे. मालकाने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विनंती केली तर ठरलेल्या अटींवर वनविभाग ती जमीन राखीव किंवा संरक्षित वनासारखी सांभाळू शकतो. सामाईक जमीन असेल तर किमान दोन तृतीयांश हिश्श्याचे मालक अर्ज करू शकतात. ज्या घरात एक-दोन हिस्सेदार सापडतच नाहीत, त्यांनी या कलमाची माहिती वकिलाकडून जरूर घ्यावी. या दोन्ही मार्गांनी खरेदीचे पैसे मिळत नाहीत.

आणखी एक वाट म्हणजे पर्यायी वनीकरण. एखाद्या प्रकल्पासाठी वनजमीन वळवली की प्रकल्प यंत्रणेला बदली वनेतर जमीन द्यावी लागते. त्यासाठी कंपन्या आणि त्यांचे मध्यस्थ डोंगरातली खाजगी जमीन विकत घेतात, ती वनविभागाच्या नावे करतात आणि मग ती वन म्हणून अधिसूचित होते. पैसे इथे लवकर मिळतात. पण तुमचा व्यवहार शासनाशी नसून खाजगी खरेदीदाराशी होतो, भाव तो ठरवतो आणि भूसंपादन कायद्याचं संरक्षण मिळत नाही. शिवाय ही जमीन मोकळी, झाडं लावण्याजोगी हवी असते. ज्याचं रान दाट आहे त्याने या वाटेला जाऊ नये, कारण अशा वेळी 'आधी थोडी साफसफाई करू' हा सल्ला मिळतोच.

४. हिस्सेदार गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कोकणातले सात-बारा उघडलेत तर 'ए.कु.मॅ.' म्हणून पणजोबांच्या भावाचं नाव, खाली पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, असं चित्र सर्रास दिसतं. एकत्र कुटुंब मॅनेजरच्या नावाने लागलेल्या जमिनीत बाकीच्या भावांचे हिस्से असतात, नाव एकाचं असलं तरी. ही नोंद कमी करून सगळ्यांची नावं लावून घ्या.

आधी वंशावळ कागदावर काढा. ज्या पिढीचे वारस लागलेले नाहीत त्यांचे मृत्यूचे दाखले जमवा आणि तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली की मात्र ती वादग्रस्त होऊन सुनावणीला जाते. म्हणून नोटीस निघण्याआधी प्रत्येक घरी स्वतः फोन करा. अनोळखी सरकारी कागद हातात पडला की माणूस आधी हरकतच घेतो.

लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणी यांची नावं वगळून पुढे जायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यांना हिस्सा घ्यायचा असेल तर तो द्यायचा, सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र करायचं. साध्या स्टॅम्प पेपरवरची 'हरकत नाही' या कामात चालत नाही. वारसांत कुणी अज्ञान (१८ वर्षांखालचं) असेल तर न्यायालयाची परवानगी लागेल का, हे वकिलाकडून आधीच विचारून घ्या.

जमीन भोगवटादार वर्ग २ ची (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल, कूळकायद्याने मिळालेली असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर हस्तांतरणाच्या परवानगीचा प्रश्न पहिल्या दिवशीच प्रांत कार्यालयात विचारा. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेशी विचारविनिमय झाल्याशिवाय भूसंपादन होत नाही, हेही लक्षात असू द्या.

मुंबईतल्या नातेवाइकांना वारंवार गावी येणं जमत नाही, म्हणून एकाला कुलमुखत्यारपत्र देण्याची पद्धत आहे. ते घरातल्याच माणसाला द्या, नोंदणीकृत द्या, आणि त्यात 'शासनाला संवर्धनासाठी हस्तांतरण' एवढाच अधिकार लिहा. पैसे प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतील, हेही त्यात असलंच पाहिजे. बाहेरच्या एजंटाला सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र दिलेल्या जमिनी नंतर कुणाच्या नावावर सापडतात, ते गावोगावच्या लोकांना माहीत आहे.

५. मोजणी

भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. आता तो ई-मोजणीवर ऑनलाइन होतो. मोजणीच्या दिवशी लगतचे कब्जेदार आणि वनविभागाचा माणूस हजर असेल असं बघा, कारण वनहद्दीचे दगड आणि तुमची बांधाची खूण यांत फरक निघण्याची शक्यता असते. तो त्याच दिवशी सगळ्यांसमोर निघालेला बरा. नंतर क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळते. तीच पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

क-प्रतीवरचं क्षेत्र, सात-बारावरचं क्षेत्र आणि आकारबंदातलं (भूमी अभिलेखाच्या मूळ क्षेत्र-आकारणी नोंदवहीतलं) क्षेत्र जुळतंय का पाहा. जुळत नसेल तर दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. सगळी जमीन द्यायची नसेल, घराजवळची बाग ठेवायची असेल, तर पोटहिस्सा मोजणी करून तेवढा तुकडा आधीच वेगळा काढा.

६. रानाची स्वतःची नोंद ठेवा

सरकारी मूल्यांकनाला लोक येतील तेव्हा येतील. त्याआधी तुम्ही स्वतः रान फिरून एक वही तयार करा. झाडाची जात, छातीच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर, आणि शक्य असेल तर मोबाइलवर टिपलेलं ठिकाण. ऐन, किंजळ, नाणा, बेहडा, हिरडा, फणस, आंबा, जे असेल ते. गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घ्या. झाडं त्याला पानावरून ओळखता येतात.

ही वही दोन कामांना येते. झाडांचा मोबदला जमिनीपेक्षा वेगळा मोजला जातो आणि घाईच्या पंचनाम्यात दरीकडच्या उतारावरची झाडं सुटतात. वही हातात असली की तुम्ही तिथल्या तिथे बोट ठेवू शकता. दुसरं काम अर्जाचं. धनेशाच्या ढोलीचं झाड, शेकरूची घरटी, बारमाही झरा, देवराई, गव्यांची वाट या गोष्टी फोटो आणि तारखेसह नोंदलेल्या असतील, तर तुमच्या जमिनीचं संवर्धनमूल्य कागदावर येतं. तुमचा प्रस्ताव मुळात त्यावरच उभा राहणार आहे.

विक्रीची बोलणी चालू असताना एकही झाड पाडू नका, नातेवाइकांनाही पाडू देऊ नका. वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहेच. शिवाय ताजे बुंधे दिसले की प्रस्तावाचा हेतूच उरत नाही.

७. अर्ज आणि कागदपत्रं

अभयारण्यासाठी वन्यजीव विभागाचे विभागीय वन अधिकारी, व्याघ्र प्रकल्पासाठी क्षेत्र संचालक (सह्याद्रीचं कार्यालय कोल्हापूरला आहे), आणि बाहेरच्या क्षेत्रासाठी प्रादेशिक उपवनसंरक्षक. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

अर्ज एका पानाचा पुरतो: जमीन कुठे, किती, कुणाची, संवर्धनासाठी ती का लागते, आणि सगळे हिस्सेदार स्वेच्छेने द्यायला तयार आहेत. भावाचा आकडा अर्जात लिहू नका. सोबत हे जोडा:

- चालू सात-बारा आणि आठ-अ
- जुने सात-बारा व सगळे फेरफार, शक्यतो १९७५ च्या आधीपासून
- मोजणीची क-प्रत, गट नकाशा, आकारबंदाचा उतारा
- वंशावळ, मृत्यूचे दाखले, हक्कसोडपत्रं, मुखत्यारपत्रं
- वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल
- बँक किंवा सोसायटीचा बोजा नसल्याचा दाखला; बोजा असेल तर फेडल्याचा
- खाजगी वनासंबंधी जुने आदेश, नोटिसा, माहितीच्या अधिकारातली उत्तरं
- सगळ्या हिस्सेदारांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, बँक खात्याचा तपशील
- रानाची नोंदवही आणि फोटो

संमतीपत्रात 'शासनाच्या नियमानुसार ठरणारा मोबदला मान्य असल्यास' असे शब्द ठेवा. कोरी संमती कुणालाही देऊ नका.

८. मोबदल्याचं गणित स्वतः करा

हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधार २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. जमिनीचा बाजारभाव ठरवताना मुख्यतः दोन आकडे काढतात: वार्षिक दर तक्त्यातला म्हणजे रेडी रेकनरचा दर, आणि मागच्या तीन वर्षांत जवळपास झालेल्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी. यातला जो जास्त तो धरायचा. ग्रामीण भागात त्याला १ ते २ च्या दरम्यानचा गुणक लागतो. त्यात झाडं, विहीर, घर यांची किंमत मिळवायची. या सगळ्या बेरजेइतकीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम वर मिळते.

उदाहरणापुरतं धरू. जमिनीचा भाव १० लाख, गुणक २, म्हणजे २० लाख. झाडांचे ३ लाख. बेरीज २३ लाख. दिलासा रक्कम २३ लाख. एकूण ४६ लाख. बघा, झाडांची किंमतही इथे दुप्पट होते. नोंदवहीचा आग्रह मी त्यासाठीच धरला.

शासन थेट वाटाघाटीने खरेदी करतं तेव्हा भूसंपादनाच्या मोबदल्यावर २५ टक्के वाढीव देण्याचं धोरण राज्यात आलं. समृद्धी महामार्गाच्या वेळी ते सगळ्यांना माहीत झालं. तुमच्या प्रस्तावाला सध्याचा कोणता शासन निर्णय आणि कोणता गुणक लागू आहे, हे भूसंपादन अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. हे दोन्ही मधल्या काळात बदललेले आहेत.

डोंगरी जमिनीचं नुकसान होतं ते वर्गवारीत. दर तक्त्यात 'वरकस'चा, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीचा, दर सगळ्यात खाली असतो आणि काही क्षेत्र 'पोटखराब', म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून पडलेलं असतं. पोटखराब क्षेत्र मूल्यांकनातून वगळलेलं नाही ना, ते पहिल्यांदा तपासा. जवळच्या गावांतल्या खरेदीखतांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदणी कार्यालयातल्या 'इंडेक्स टू'च्या) नकला काढून त्या सोबत द्या. चांगल्या भावाचा व्यवहार तुम्ही पुढे ठेवला नाही, तर तो शोधायला कुणी जाणार नाही.

झाडांचं मूल्यांकन साधारणपणे वाटलेलं असतं: वनझाडं वनविभाग, फळझाडं कृषी विभाग, बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभाग. तिन्ही पंचनाम्यांना हजर राहा आणि सही करण्याआधी आकडे वहीशी ताडून पाहा.

९. संमती, खरेदीखत, पैसे

सक्तीचं संपादन आणि संमतीची खरेदी यांत एक मोठा फरक आहे. संपादनाच्या निवाड्यात रक्कम कमी वाटली तर ती निषेध नोंदवून स्वीकारता येते आणि २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी दाद मागता येते. निषेध न नोंदवता पैसे उचलले तर तो हक्क जातो. संमतीच्या खरेदीत मान्य केलेल्या भावावर नंतर भांडता येत नाही. म्हणून भाव पटेपर्यंत सही करू नका. उशीर झाला तरी चालेल.

खरेदीखतात कोणत्या कायद्याखाली किंवा शासन निर्णयाखाली हा व्यवहार होतोय, त्याचा उल्लेख असू द्या. २०१३ च्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे त्या कायद्याखालच्या निवाड्यावर किंवा करारावर आयकर लागत नाही. ही सवलत तुमच्या व्यवहाराला लागू होईल की नाही हे कागदातल्या शब्दांवर ठरतं, तेव्हा मसुदा सनदी लेखापालांना सही करण्याआधी दाखवा.

वाट, पाणी आणि देव यांचा विषय याच वेळी काढा. तुमच्या रानातून वाडीची पायवाट जात असेल, झऱ्यावरून पाण्याची नळी आली असेल, राखणदाराचं किंवा देवराईचं ठिकाण असेल, तर ते सगळं नकाशावर दाखवून करारात लिहून घ्या. 'कुणी अडवणार नाही हो' असं तोंडी सांगणारा अधिकारी बदलून जातो.

अभयारण्यात हेतू जाहीर झाल्यानंतर वन्यजीव कायद्याच्या कलम २० प्रमाणे वारसाहक्काशिवाय कुणालाही त्या जमिनीत नवा हक्क मिळत नाही. 'आम्ही तुमच्याकडून घेतो, पुढे सरकारला आम्ही देऊ' म्हणणारा माणूस तिथे कायद्याने काहीच विकत घेऊ शकत नाही. त्याचा विसार घेऊ नका.

१०. व्यवहार झाल्यावर

फेरफार मंजूर होऊन सात-बारावर शासनाचं नाव लागलं का ते पाहा. काही भाग तुमच्याकडे राहिला असेल तर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा भूमी अभिलेखाचा कागद) होऊन तुमचा स्वतंत्र सात-बारा निघाला पाहिजे, नाहीतर पुढे तुमच्या बागेवरही वनविभागाचा शेरा येतो.

पुढे ती जमीन राखीव वन करायची झाली तर वन अधिनियमाच्या कलम ४ ची अधिसूचना निघते आणि कलम ६ ची उद्घोषणा गावात लागते. हक्क सांगायला किमान तीन महिने मिळतात. त्या मुदतीत न सांगितलेले हक्क सर्वसाधारणपणे संपतात. तुमचे पैसे हातात आलेले असतात, पण वाडीतल्या शेजाऱ्यांची गुरांची वाट, पाणवठा आणि हिरडा गोळा करण्याची वहिवाट अजून उघड्यावर असते. उद्घोषणा लागल्याचं त्यांना कळवा, वन जमाबंदी अधिकाऱ्यांकडे दावे लिहून द्यायला मदत करा आणि करारातल्या नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.